कापलं कुठं?

आमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीची गाडी येते. वजन, उंची, दात बघतात नि मुलं खिचडीला बसतात. त्या दिवशी मात्र डॉक्टरबाईंनी माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या छातीवर ठेवलेली नळी लवकर उचललीच नाही. "सारखी सर्दी होते का हिला? वजन वाढत नाही ना?" दोन्ही खरं होतं. घरात सगळे म्हणायचे, हाडंच बारीक आहेत पोरीची.

पुढं हृदयाच्या टूडी इकोत पीडीए निघाला. पोटातल्या बाळाच्या महाधमनीला आणि फुप्फुसाच्या धमनीला जोडणारी एक वाट असते, ती बाळ जन्मल्यावर काही दिवसांत आपोआप मिटते. हिची उघडीच होती. शरीराला जायचं रक्त परत फुप्फुसात शिरत होतं. "छाती उघडायची नाही, मांडीतून बटण बसवायचं," असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि तरी सिद्धरामेश्वराला साकडं घातलं. आमचे हे सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर कामाला. पैशाचं कोडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळं सुटलं. २०१३ पासूनची योजना, अंगणवाडीतली गाडीही तिचीच; आम्हाला नाव तेव्हा कळलं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं दादर, तिथून परळचं वाडिया. पहिल्यांदा ताप निघाला म्हणून तारीख पुढं गेली. मग बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी बटण दाखवलं. बारीक तारेची जाळी. ताणली की नळीत मावते, सोडली की फुलते. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी हृदयापर्यंत जाते, औषध सोडून पडद्यावर ती उघडी वाट शोधतात आणि तिथंच जाळी सोडतात.

खरी कसोटी नंतरची. सहा तास पाय वाकवायचा नाही, आणि ही शुद्धीवर आल्या आल्या उठून बसायला बघतेय! ह्यांनी गुडघा धरला, मी गोष्टी सांगत बसले. सिस्टर सारख्या येऊन पाऊल गरम आहे का, नाडी लागते का, चाचपून जायच्या.

सोलापुरात परतलो तर शेजारच्या काकूंनी फ्रॉक वर करून छाती बघितली. "कापलं कुठं गं? फसवलं की काय तुम्हाला?" मांडीवर फक्त एक ठिपका होता. टाके दिसले नाहीत की आपल्याकडं आजारच खोटा ठरतो, आणि मग पुढचे इको बुडवले जातात. आम्ही बुडवले नाहीत. सहा महिन्यांनंतरच्या इकोत गळती नव्हती.

जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत ही तपासणी फुकट आहे. गाडी येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.