जाम ड्रम, घण आणि गॅस

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात ट्रकचा ब्रेक ड्रम किंवा हब जाम असणे इतके नेहमीचे झाले आहे की त्याला कोणी बिघाड समजतच नाही. चाक उतरवायचे, ड्रम हलत नसेल तर घण घालायचा, तरी निघाला नाही तर गॅस मारायचा, हा क्रम ठरून गेला आहे. मला तो उलटा वाटतो. घण आणि गॅस यांना कामात जागा आहे, पण अगदी शेवटी. आणि बहुतेक वेळा तिथवर जाण्याची गरजच पडू नये. ड्रम गंजून जाम होण्याचे मूळ मागच्या वेळी तो बसवताना न केलेल्या साफसफाईत असते, असे माझे म्हणणे आहे. या लेखात मी तेच पटवून देणार आहे.

आधी गंजाचा हिशेब पाहू. ड्रम किंवा डिस्क हबच्या गोल खांद्यावर बसते. त्या दोहोंत फट ठेवलेली असते ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. लोखंड गंजले की त्याचे आकारमान मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते. तिप्पट धरले, तर ०.१ मिमीची फट गच्च भरायला दोन्ही बाजूंचे मिळून जेमतेम ०.०५ मिमी लोखंड गंजणे पुरेसे आहे. त्यानंतरचा प्रत्येक कण पाचर मारल्यासारखा आवळत जातो. आता हा ट्रक कुठे उभा असतो ते पाहा. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, मधे मिठागरे. हवेत क्षार कायमचे, आणि क्षार गंजाला जो वेग देतात तो नुसते पाणी देत नाही. त्यात पावसाळ्यात औद्योगिक वसाहतींच्या रस्त्यांवर पाणी साचते. जुलै २०१८ मध्ये तर मिठागरांतल्या वस्तीला पाण्याने वेढले होते. अशा पाण्यात हबपर्यंत बुडून निघालेला आणि मग मालाची वाट पाहत आठवडाभर उभा राहिलेला ट्रक आतून कसा असेल, हे सांगायला नको. सोलापूर-लातूरकडच्या ट्रकला जे दुर्लक्ष परवडते ते इथल्या ट्रकला परवडत नाही.

पण गंज हे एकच कारण नसते, आणि घाई नडते ती इथेच. ‘ड्रम जाम आहे’ या एका वाक्यात किमान चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक असलेल्या ट्रकमध्ये टाकीतली हवा उतरली की चेंबरमधली स्प्रिंग आपोआप ब्रेक धरते. अशा वेळी ड्रम ठोकत बसणे म्हणजे लावलेल्या ब्रेकशी झगडणे. पुढच्या-मागच्या चाकांना अडणी लावून आधी हवा भरावी, किंवा चेंबरच्या बोल्टने ती स्प्रिंग आवळून ठेवावी; चेंबर मात्र कधीही उघडू नये, त्या स्प्रिंगच्या फटक्याने माणूस जाऊ शकतो. दुसरी गोष्ट झिजेची. लायनर ड्रमला जिथे घासतो तिथे चर पडतो आणि काठाशी न झिजलेली कड उरते. ड्रम बाहेर ओढला की लायनर धरणारे शू त्या कडेत अडकतात. त्यावर उपाय आहे स्लॅक अॅडजस्टर उलटा फिरवून शू आत घेण्याचा, आणि त्याला एक पाना लागतो. तिसरी, पार्किंग ब्रेक लावून पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा लायनरच ड्रमला चिकटतो. चौथी, खुद्द हबच्या खांद्यावरचा गंज. आणि ज्या गाड्यांत हब-ड्रम एकत्रच निघतात, त्यांत बेअरिंगची आतली रिंग एक्सलच्या नळीवर धरून बसलेली असते, तो प्रकार आणखी वेगळा. या साऱ्यांना घण हे एकच उत्तर देणारा कारागीर ताकदीने कमी नसतो. त्याने फक्त तपासलेले नसते.

घणाचे समर्थन मी पुष्कळ ऐकले आहे: वर्षानुवर्षे असेच चालत आले, ड्रम निघतोच की! निघतो, हे खरे. ड्रम भंगारातच जाणार असेल, तर खुशाल ठोकावा. पण तो परत बसवायचा असेल तर मागे काय राहते ते पाहावे लागेल. ड्रम बिडाचा असतो. बिडातला कार्बन पापुद्र्यांसारखा पसरलेला असल्यामुळे ते दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. काठावर मागून बसलेला घाव तिथे ताणच आणतो. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि घाटात ब्रेक तापले की तीच पसरते. हबमधले टेपर बेअरिंग तो सारा मार रोलरच्या रेषेवर घेते आणि त्याच्या वाटीवर खळगे उमटतात. गॅसचे नुकसान तर याहून लपलेले. ऑक्सिजन-अॅसिटिलीनची ज्योत तीन हजार अंशांच्या वर असते. साधे लिथियम ग्रीस १९० अंशांच्या आसपास पातळ होऊन गळते, रबरी ऑइल सील त्याहून खूप आधी करपते. शिवाय उष्णतेचा फायदा मिळतो तो फक्त फरकाचा. २८० मिमी व्यासाचे भोक हबपेक्षा १०० अंशांनी जास्त तापले तर सुमारे ०.३ मिमी मोठे होते, आणि एवढे भरपूर झाले. पण ज्योत दहा मिनिटे एकाच जागी धरली की हबही तितकाच तापतो आणि फट होती तिथेच राहते. म्हणजे तापवायचेच तर भोकाभोवती, झपाट्याने, गोल फिरवत. टायर चढवलेल्या रिमवर मात्र कधीच नाही. हवा भरलेला टायर आतून तापून फुटल्याने माणसे मेली आहेत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावरही ज्योत नको, त्यातून विषारी वायू निघतो.

मग काढायचे कसे? बऱ्याच ड्रममध्ये आणि पिकअपसारख्या हलक्या मालगाड्यांच्या डिस्कमध्ये आटे पाडलेली दोन भोके असतात. ती नेमकी याच कामासाठी दिलेली आहेत. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळला, की ड्रम सरळ रेषेत बाहेर येतो. इथे गंजाने बुजलेली ही भोके कित्येकदा कोणी साफसुद्धा करत नाही. गंज सोडवणारे तेल लावले तर त्याला वेळ द्यावा. ते फटीत केशाकर्षणाने शिरते. संध्याकाळी लावून सकाळी काढणे हा आळस नव्हे, ती त्या तेलाची कामाची पद्धत आहे. तेल मुरल्यावर स्टडच्या मधे, हबच्या तोंडावर, तांब्याच्या हातोडीने हलके टोले द्यावेत. त्या कंपाने गंज तडकतो. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच वागावे.

आता बसवणीकडे येतो. हबचा खांदा वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासायचा, ड्रमचे भोक एमरी पेपरने, आणि खांद्यावर अँटी-सीझ पेस्टचा पातळ हात द्यायचा. यावर जाणते लोक एक रास्त आक्षेप घेतात: चिकट पदार्थ चाकाजवळ नेला की नट ढिले पडतात, लायनर तेलकट होतो. म्हणूनच मी फक्त खांदा म्हणतो आहे. ड्रम, हब आणि रिम यांची एकमेकांना भिडणारी तोंडे कोरडी आणि स्वच्छ हवीत. तिथे जाड रंगही नको, कारण तो दबला की नटाची पकड जाते. स्टडच्या आट्यांना कंपनीने सांगितले असेल तरच तेल, कारण ओशट आट्यांवर त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. डिस्कच्या बाबतीत ही साफसफाई आणखी महत्त्वाची. हबच्या तोंडावर गंजाचा ०.०५ मिमीचा पापुद्रा राहिला, तर दुप्पट त्रिज्येवर, म्हणजे डिस्कच्या काठाशी, तो ०.१ मिमीची लहर होतो आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते. मग नवी डिस्क ‘खराब निघाली’ म्हणून परत जाते.

सर्वांत खरा आक्षेप पैशाचा आहे. कारागिराला मजुरी चाकामागे मिळते, मालकाची खेप अडलेली असते, आणि आज वालीवला घासून बसवलेला ड्रम पुढच्या वेळी वापीला नाहीतर नवी मुंबईला उघडला जाणार असतो. दुसऱ्याच्या सोयीसाठी याने चाकामागे पंधरा मिनिटे का घालवावीत? या प्रश्नाला कारागिराच्या सचोटीचे उत्तर देणे मला अन्यायाचे वाटते. ट्रक कुठेही उघडला गेला तरी फायदा मालकाचाच होतो, तेव्हा पैसेही त्यानेच मोजले पाहिजेत. बिलात ‘हब सीट साफ करणे’ अशी वेगळी ओळ आणि वेगळी मजुरी असावी, आणि ड्रम चढवण्याआधी खांद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो मालकाने मागावा. फाटलेल्या ड्रमची, नव्या बेअरिंगची आणि करपलेल्या सीलची किंमत तो आजही भरतोच आहे. ज्यांचे ट्रक खाडीलगतच्या गोदामांत ये-जा करतात त्यांनी हे काम मे महिन्यातच उरकून घ्यावे, म्हणजे पाणी साचू लागेल तेव्हा फटीत गंजाऐवजी पेस्ट असेल.