आठवड्याचा एक वार

परळच्या रुग्णालयांत स्वयंसेवकांची सर्वाधिक गर्दी सणासुदीला होते. लोक मनापासून येतात, खाऊ आणतात. पण केमो चालू असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. बाहेरचं खाणं त्याला चालत नाही, आणि सर्दी झालेल्याने तर त्याच्याजवळ जाऊच नये. एवढी साधी गोष्टही एका भेटीत अंगवळणी पडत नाही. मी वैद्यकीय समाजसेविका आहे आणि माझं मत ठाम आहे: सेवेने माणूस घडतो, पण त्याला वर्ष द्यावं लागतं.

या कामाचं शिक्षण मुंबईतच रुजलं. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ साली नागपाड्यात नेबरहूड हाउस सुरू केलं, त्यातूनच १९३६ साली आजची टाटा समाजविज्ञान संस्था उभी राहिली. देशातली पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक १९४६ साली जे.जे. रुग्णालयात झाली. डॉक्टर आजार बघतात. घर, पैसा, कागद आणि भीती कुणी बघायची, हा प्रश्न तेव्हापासून आमच्याकडे आहे.

टाटा रुग्णालयात विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून माणसं येतात. नाना पालकर स्मृती समिती किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे खोली मिळाली तर ठीक, नाहीतर फूटपाथ. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार बहुधा दोन-अडीच वर्षं चालतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी, रेल्वे सवलतीचा अर्ज... यातलं एक अडलं की पुढची तारीख हुकते.

आमच्याकडे येणारे बरेच विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेचे. १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला १२० तास काम करायचं असतं. जुलैत उत्साह ओसंडत असतो. खरी परीक्षा नंतर येते, रांगेत उभं राहण्याचा कंटाळा येतो तेव्हा.

लालबागच्या चाळीतला एक मुलगा आठवतो. सुरुवातीला तो रुग्णाच्या वतीने सगळं स्वतःच बोलायचा, अर्जही स्वतःच भरायचा. पेशंटचे वडील शेजारी गप्प उभे. काही महिन्यांनी तो पेन त्यांच्या हातात द्यायला लागला. वेळ जास्त जायचा, पण पुढच्या खेपेला ते गृहस्थ एकटे खिडकीवर जायचे. एकदा कुणी त्याच्यापुढे रिपोर्ट धरला, "काय लिहिलंय, सांग रे बाळा." त्याला वाचता येत होतं. तरी तो म्हणाला, "हे डॉक्टरच सांगतील काका, मी येतो तुमच्याबरोबर." आणि बाहेर बाकावर तो त्यांच्याजवळ बसून राहिला, सल्ला न देता. माझ्या मते त्याची वाढ इथे झाली. आपल्याला येतं ते सगळं करून दाखवायचं नसतं, हे विशीतल्या मुलाला शिकवणं फार अवघड आहे. व्याख्यानाने तर ते शिकवता येत नाहीच.

पूर्वी चाळीतले लोक त्याला कागद भरून दे म्हणायचे. आता तो त्यांना शेजारी बसवून भरायला शिकवतो.

तुम्हाला यायचं असेल तर जवळच्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा, आठवड्यातला एक वार सांगा आणि वर्षभर तो पाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे विद्यार्थी गळतात, तेव्हा आम्हाला माणसं सर्वांत कमी पडतात. तेव्हा नक्की या.