बिनपरीक्षेचा अभ्यास

सल्ला द्यायला आपल्याकडे शिक्षण लागत नाही, घसा लागतो. लग्न, मूळव्याध आणि घराचं कर्ज या तिन्ही विषयांवर फुकट सल्ला देणारा गृहस्थ दर आळीत एक तरी असतोच. त्यामुळे सल्ल्याचे पैसे घेणारा, आणि त्यासाठी जन्मभर विद्यार्थी राहिलेला माणूस म्हटला, की आपण जरा बिचकतो. पीटर ड्रकर हा असा माणूस.

कॉमर्सवाल्यांना हे नाव ठाऊक असतं ते पाच मार्कांच्या टिपेपुरतं. पण हा मूळचा आमच्याच ज्ञातीतला, म्हणजे कारकून! जन्म व्हिएन्नाचा, १९०९ चा. शाळा संपवून हा पोरगा हॅम्बुर्गला कापूस निर्यात करणाऱ्या एका पेढीत उमेदवारीला लागला. काम कंटाळवाणं. आपण साहेबाच्या नावानं बोटं मोडून चहा मागवला असता. हा संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसे आणि आठवड्यातून एकदा ऑपेराला जाई. तिथं त्यानं व्हेर्दीचं 'फाल्स्टाफ' ऐकलं. इतकं खट्याळ संगीत रचणारा माणूस तेव्हा ऐंशीच्या घरात होता, हे कळल्यावर तो थक्कच झाला. ऐंशीत आपण काय रचतो? औषधाच्या बाटल्या, उंचीप्रमाणे.

पुढे फ्रँकफुर्टला वर्तमानपत्रात असताना त्यानं स्वतःला एक खोड लावून घेतली. दर तीन-चार वर्षांनी एक नवा विषय घ्यायचा. संख्याशास्त्र झालं, मध्ययुगीन इतिहास झाला, जपानी चित्रकला झाली. ती तर त्यानं नंतर कॉलेजात शिकवलीसुद्धा. साठ वर्षं हे चाललं. ना परीक्षा, ना वेतनवाढ! बँकेत असं कुणी वाचायला लागलं, तर हा नोकरी सोडतोय की काय, अशी कुजबूज सुरू होईल.

दुसरी खोड अशी, की महत्त्वाचा निर्णय घेतला म्हणजे त्यातून काय निघेल ते लिहून ठेवायचं आणि नऊ-दहा महिन्यांनी ताडून पाहायचं. पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत लेजर न मिटणारे लोक मी पाहिलेत. पण स्वतःच्या अंदाजांचं खातं टॅली करणारा हा एकच.

एवढं शिकून हे ड्रकरसाहेब कंपन्यांना विचारत काय? तर, तुमचा धंदा कोणता? तुमचं गिऱ्हाईक कोण? चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या शेठला हे विचारायचं म्हणजे छातीच हवी. मला वाटतं, खरं शहाणपण इथंच आहे. अर्धवट शिकलेल्याला अज्ञान झाकावं लागतं, म्हणून तो अवघड बोलतो. पोटभर शिकलेल्यालाच बाळबोध प्रश्न परवडतो.

२००५ साली ड्रकरसाहेब गेले, तेव्हा शहाण्णव पुरी व्हायला आठ दिवस होते. आपण नोकरीतून साठाव्या वर्षी निवृत्त होतो. विद्यार्थी म्हणून मात्र बरेचजण पंचविशीतच निवृत्त होतात. आणि तीही बिनपेन्शनची निवृत्ती.