संदकफूच्या वाटेवरील एक सकाळ

दार्जिलिंगला गेलेला प्रवासी बहुधा टायगर हिलचा सूर्योदय, चहाचे मळे आणि डोंगरातील ती चिमुकली रेल्वे पाहून परत फिरतो. परंतु वाचकहो, आपल्यापाशी आणखी तीन-चार दिवस असतील, तर मानेभंज्यांगला अवश्य जावे. ‘माने’ म्हणजे बौद्धांचे प्रार्थनास्थान आणि ‘भंज्यांग’ म्हणजे खिंड. नेपाळच्या सीमेला अगदी खेटून वसलेल्या या गावातूनच संदकफूची चढण सुरू होते. ३,६३६ मीटर उंचीचे संदकफू हे पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच ठिकाण होय. जगातील पाच सर्वोच्च शिखरांपैकी एव्हरेस्ट, कांचनगंगा, ल्होत्से आणि मकालू ही चार शिखरे निरभ्र सकाळी येथून एकाच नजरेत सामावतात.

या मार्गाचे खरे मानकरी म्हणजे येथील जुन्या लँड रोव्हर गाड्या. १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम जगापुढे आली. युद्धानंतर इंग्लंडात पोलादाचा तुटवडा होता, म्हणून तिचा सांगाडा पोलादी ठेवून वरचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. चहामळ्यांच्या इंग्रज मालकांनी या गाड्या येथे आणल्या, असे स्थानिक लोक सांगतात. मळेवाले गेले, पण गाड्या राहिल्या. पुढे अनेकांत डिझेल इंजिने बसली. आम्हांला मिळाली ती मात्र मूळच्या पेट्रोल इंजिनाची होती. चालक पन्नाशीचे नेपाळीभाषी गृहस्थ होते. तिकडच्या रीतीप्रमाणे आम्ही सारे त्यांना ‘दाजू’, म्हणजे थोरले भाऊ, म्हणत होतो.

आमच्यासोबत नागपूरचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी होत्या. टुमलिंग, गैरीबास, कालीपोखरी अशी ठिकाणे मागे टाकीत, दगडगोट्यांवरून हिसके खात, सुमारे ३१ किलोमीटरांचा प्रवास आम्ही एका दिवसात उरकला. येथेच आमची चूक झाली. एका दिवसात दीड हजार मीटरांहून अधिक उंची गाठली, की शरीराला विरळ हवेशी जुळवून घेण्यास अवसर मिळत नाही. रात्री बाईंचे डोके दुखू लागले, दोनदा वांती झाली, आणि पहाटे उठून चालू लागल्या, तेव्हा त्यांचा तोल जाऊ लागला. हे चिन्ह गंभीर असते. अशा वेळी दुसरा खरा उपाय नाही. रुग्णाला विनाविलंब खाली न्यावे लागते.

बाहेर गवतावर दहिवर गोठले होते. कांचनगंगेवर पहिले ऊन पडत होते. पण त्याकडे पाहण्याचे भान कोणाला होते? दाजूंनी कळ दाबली. इंजिन दमेकऱ्यासारखे घरघरले आणि थांबले. पाच-सहा प्रयत्नांत बॅटरी मंदावली. मग पुढून हँडल घालून फिरवले, तरी व्यर्थ. एका प्रवाशाने सुचवले, “उतारच आहे, लोटून द्या की!” दाजूंनी मान हलवली. “इंजिन बंद असताना या उतारावर गाडी सोडली, तर ती थांबवणार कोण? इथे ब्रेकपेक्षा इंजिनच गाडी धरून ठेवते.”

त्यांनी बॉनेट उघडले. पेट्रोलची नळी सैल करून पाहिली. पेट्रोल येत होते. प्लगची ठिणगीही ठीक होती. मग मदतनीस पोराला आत बसवून ते म्हणाले, “भाइ, चोक ओढ.” पोराने मूठ ओढली. दाजू कार्बुरेटरकडे टक लावून पाहत होते. “पुन्हा ओढ.” मूठ बाहेर आली, पण कार्बुरेटरवरची लहान तरफ तसूभरही हलली नाही. रोग सापडला होता.

हा चोक काय करतो, ते थोडक्यात सांगतो. इंजिनात पेट्रोल जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे पंधरा पट हवा लागते. परंतु थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि ठिणगीला पेट घेण्याजोगे मिश्रण मिळत नाही. म्हणून आरंभी पेट्रोलाचे प्रमाण वाढवावे लागते. बहुतेक कार्बुरेटरांत हवेच्या वाटेवरची एक झडप मिटून हे साधतात. या गाडीच्या सोलेक्स कार्बुरेटरात त्याऐवजी छिद्रे असलेली एक लहान चकती फिरते आणि दाट मिश्रणाची वेगळी वाट उघडते. मूठ ओढली, की आवरणातली तार तरफेला ओढते आणि तरफ चकती फिरवते. आमच्या गाडीत आवरण धरून ठेवणारी पकड हिसक्यांनी ढिली झाली होती. त्यामुळे तारेबरोबर आवरणच सरकत होते आणि तरफ जागची हलत नव्हती.

दाजूंनी तरफ बोटाने पूर्ण फिरवून धरली आणि पोराला बजावले, “अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नकोस.” या रचनेत तो दाबला, तर दाट मिश्रण खेचणारे शोषणच कमी होते. हँडलच्या तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडले. शिक्षकांनी नकळत हात जोडले.

इंजिन चालू ठेवूनच त्यांनी पकडीचा स्क्रू आवळला, वर बारीक तारेचे चार वेढे दिले आणि तेलाचे दोन थेंब सोडले. मूठ आत ढकलताच तरफ पूर्ण मागे येते की नाही, हे मात्र त्यांनी तीनदा तपासले. “चोक उघडा न राहणे जेवढे वाईट, तेवढेच तो मिटायचा राहणेही वाईट,” ते म्हणाले. त्याचे कारण उघड आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. हवा विरळ, म्हणून मिश्रण मुळातच दाट होते. त्यात चोक तसाच राहिला, तर काळा धूर निघतो, प्लगांवर काजळी धरते आणि ऐन वळणावर इंजिन दम तोडते.

सारे काम वीस मिनिटांत आटोपले. आम्ही सावकाश उतरू लागलो. टुमलिंगजवळ बाईंनी डोळे उघडून पाणी मागितले. मानेभंज्यांगला पोचेपर्यंत त्या आधाराशिवाय चालू लागल्या होत्या, तरीही आम्ही त्यांना आधी डॉक्टरांकडे नेले आणि चहा मागाहून घेतला.

वाचकहो, आपण संदकफूला जाल तेव्हा टुमलिंगला एक रात्र अवश्य मुक्काम करा; घाई करू नका. आणि एखाद्या जुन्या गाडीत बसण्याचा योग आला, तर तिच्या वयाकडे पाहून नाक मुरडू नका. तिला कोण सांभाळतो, एवढे पाहा. शिखरांचे दर्शन मला त्या सकाळी पुरते घडले नाही. परंतु दोष नेमका कोठे आहे हे शांतपणे शोधणारा माणूस मी पाहिला, आणि ते दर्शनही काही लहान नव्हते.