दहापैकी दोन

बालमित्रांनो, तुम्ही कधी पुस्तकाला गुण दिलेत का? एरवी गुण द्यायचं काम आम्हा शिक्षकांचं. पण गेल्या वर्षी देहूरोडच्या आमच्या शाळेत चौथीच्या मुलांनी महिनाभर ते काम केलं. त्यात नापास कोण झालं, तेच आज सांगणार आहे.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. पण एका दिवसाच्या वाचनाने काय होतंय? म्हणून आम्ही बालदिनापर्यंत, म्हणजे १४ नोव्हेंबरपर्यंत वाचायचं ठरवलं. दिवाळीची सुट्टीही त्यातच आली. पेटीतलं पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं आणि वहीत दहापैकी गुण लिहायचे. शेजारी एका ओळीत कारण.

सुरुवात तर झोकात झाली. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’साठी भांडणं लागली. हा बनेश फेणे फुरसुंगीचा, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातलाच! एकीने त्याला नऊ गुण दिले. एक का कापला? ‘एवढी संकटं एकाच मुलावर कशी येतात?’ ‘तोत्तोचान’ने मात्र दहापैकी दहा पटकावले. तिच्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरतात ना! रोज लोकलचा भोंगा ऐकणाऱ्या आमच्या मुलांना अशी शाळा हवीच होती.

मग एका मुलाची वही हातात आली. ‘श्यामची आई’ – दोन गुण. कारण : ‘आई सारखी रडते.’

माझा पारा चढला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक. लहानपणी ते वाचताना मी उशी भिजवली होती. त्याला दोन? मी लाल पेनने दोन खोडून आठ केले आणि म्हटलं, “परत नीट वाच.”

सुट्टीनंतर वह्या तपासायला घेतल्या. त्या मुलाच्या वहीत पुढच्या सगळ्या पुस्तकांना आठ! गोष्टींचं, विनोदी, विज्ञानाचं, सगळी आठ. कारणाच्या जागी एकच शब्द, ‘छान’.

मी त्याला जवळ बोलावलं. “सगळ्यांना आठच कसे रे?”

“बाई, तुम्हाला आठ आवडतात ना!”

मला काही बोलताच येईना. महिनाभर मुलांना वाचायची गोडी लावायला निघाले होते, आणि याला मी काय शिकवलं? बाईंना आवडेल तेच लिहायचं! दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी माझे आठ खोडले, त्याचे दोन परत लिहिले आणि म्हटलं, “चूक माझी होती. आता सांग, दोनच का?”

तो आधी गप्पच राहिला. मग म्हणाला, “माझी आई चाकणला कंपनीत जाते. सेकंड शिफ्ट असली की रात्री बाराला येते. दमते, पण रडत नाही. अशा आईचं पुस्तक आहे का, बाई?”

मी पेटी पालथी घातली. सापडलं नाही.

‘श्यामची आई’ला मी आजही दहापैकी दहाच देईन. पण ते गुण माझे. त्याचे दोन त्याचे, आणि ते त्याने वाचून दिले होते.

मुलांनो, तुमच्याकडे आहे का हो तसं पुस्तक? असेल तर जरूर कळवा. तो अजून विचारतोय.