हात दिला

वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेऊ नये, असे आपण शाळेत शिकतो. परंतु ज्याच्या घरात एक भाषा व उंबरठ्याबाहेर दुसरी, त्याला हा नियम पाळणे नेहमीच साधत नाही. बेंगळूरच्या चामराजपेटेत, कन्नड साहित्य परिषदेच्या वास्तूपासून चार पावलांवर, माझी अनेक वर्षे गेली. १६३८ साली बेंगळूर विजापूरकरांकडे आले आणि पुढे शहाजीराजांची जहागीर झाले. येथील मराठीचा कन्नडशी शेजार इतका जुना आहे.

त्यात नवल वाटू नये इतकी साम्ये आढळतात. मराठी माणूस अपराध पोटात घालतो; कन्नड माणूसही 'होट्टेगे हाकिको' अशीच विनवणी करतो. डोके दोन्ही भाषांत सारख्याच आवडीने खाल्ले जाते. दुसऱ्याच्या उत्कर्षाने आपले पोट दुखते, त्यांचे जळते. एवढा फरक वैद्यालाही चालावा. थाप मारणारा कन्नड माणूस मात्र कावळा उडवतो, 'कागे हारिसु', आणि तेथे मराठी कान क्षणभर बावचळतो.

पण बावचळणारा कान विचारून तरी घेतो. जेथे शब्द जुळतात आणि अर्थ उलटतो, तेथे विचारावेसेही वाटत नाही. 'कै कोडु' म्हणजे अक्षरशः हात देणे. मराठीत संकटात हात देणारा तो आधार. कन्नडमध्ये 'कै कोट्ट' म्हणजे त्याने ऐन वेळी दगा दिला.

शेजारच्या मावशींचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या येथलेच. लेकीच्या लग्नात भावाने कबूल केलेले पैसे दिले नाहीत. मावशींनी पुण्यात वाढलेल्या जाऊबाईंना लिहिले, "ऐन वेळी भावाने हात दिला." जाऊबाईंनी भावाला आभाराचे पत्र धाडले. त्याला तो टोमणा वाटला, आणि बहिणीनेच तो मारवला असेही. दोन्ही घरांत वर्षभर बोलणे नव्हते.

मावशींचे मराठी अशुद्ध, असा निकाल पुण्याहून तात्काळ आला. मला तो मान्य नाही. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातील 'कुपवार' गावाविषयी दाखवून दिले की तेथे वाक्यरचना एकमेकींच्या जवळ आल्या, शब्द वेगळे राहिले. मावशींच्या वाक्यातही प्रत्येक शब्द मराठीच आहे. फक्त त्यांचा मेळ कन्नड अर्थ बोलतो. अण्णा, अक्का यांसारख्या उसन्या शब्दांची मोजदाद आपण हौसेने करतो. हे उसने मात्र त्या यादीत सापडायचे नाही, कारण त्यावर परकेपणाची खूण नाही. कोशात त्याला बेंगळूरचा स्थलनिर्देश करून जागा द्यावी, एवढेच मी म्हणेन.

भावाची समजूत अखेर मीच घातली, आणि ती कन्नडमध्ये घालावी लागली. मावशींची नातवंडे आता दोन्ही अर्थ टाळतात. ती 'धोका दिला' म्हणतात, हिंदी चित्रपटातल्यासारखे.