रात्री दोन ते चार

"आजी, ढोलकी-टाळ वाजले की सप्त्यात बसल्यासारखं वाटते. चर्चसारखं वाटतच नाही." एका तरुण पुढाऱ्यानं भर मीटिंगमध्ये माझ्या आईला हे ऐकवलं. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

वर्षअखेरीला अकोल्याच्या आमच्या चर्चमध्ये २४ तासांची साखळी प्रार्थना ठरली होती. दर दोन तासांनी गट बदलायचा, पण प्रार्थना आणि गाणी थांबू द्यायची नाहीत. मी अमरावतीहून त्यासाठीच गेलो. मीटिंगमध्ये हर्नहुटची गोष्ट सांगितली गेली. १७२७ साली जर्मनीतल्या त्या गावात मोरावियन मंडळीतल्या २४ पुरुषांनी आणि २४ बायांनी प्रार्थनेचे तास वाटून घेतले आणि ती साखळी पुढे शंभर वर्षं चालली. गोष्ट मोठीच आहे. पण १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुली गट करून रोज प्रार्थनेला बसत होत्या, हे कोणी काढलं नाही. जर्मनी जवळ, केडगाव दूर!

मग तक्ता लागला. संध्याकाळी सात ते नऊ युवक संघ. कीबोर्ड, गिटार, ड्रम. आईचं भजनी मंडळ रात्री दोन ते चार. सहा बाया, सगळ्या साठीच्या पुढच्या. एकीचे गुडघे गेलेले, एकीला दमा, आणि डिसेंबरची थंडी. आईनं वेळेबद्दल विचारलं, तर उत्तर ढोलकीवर आलं. वर आणखी, युवकांना घरी जायला उशीर होतो म्हणे. आणि या बायांना होत नाही?

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. चर्चचं गीतपुस्तक 'उपासना संगीत' उघडा, त्यांची पदं भेटतील. ज्या अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजली, तिथला माणूस ताल धरणार नाही तर काय करणार? बरं, कीबोर्डवरची निम्मी गाणी इंग्रजीवरून हिंदीत आणलेली. ती मात्र चर्चसारखी वाटतात.

एवढं बोलतो खरा, पण सात ते नऊ मीही तिथंच होतो. तिसऱ्या गाण्याला सगळं चर्च उभं राहिलं, माझेही हात वर गेले, डोळे भरून आले. राग कुठं गेला ते कळलं नाही.

दोन वाजता आईला गाडीवर घेऊन आलो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे नुसते आवाज, टाळ आणि दाबून वाजवलेली ढोलकी. कोणाची चाल चुकली की बाया हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून धरायच्या. मधे प्रार्थना. युवकांनी राष्ट्रासाठी केली होती. यांनी कापसाच्या भावासाठी केली, सोसायटीच्या कर्जासाठी केली, पुण्याला कामावर गेलेल्या एकीच्या पोरासाठी नाव घेऊन केली. ऐकायला मी, एक पेंगणारा चौकीदार आणि मागच्या बाकावर घोंगडी पांघरून बसलेले दोन म्हातारे.

परत येताना म्हटलं, "पुढच्या वर्षी संध्याकाळची वेळ माग."

"काहून बाप्पा? रातचंच बरं हाय. मंधात कोनी माईक हिसकत नाही."

मी गप्प बसलो, पण मला ते पटलं नाही. तिला रात्र आवडते, ठीक. तक्ता करणाऱ्यानं तिला विचारून थोडीच ती वेळ दिली होती? त्या मोरावियनांचं एवढं कौतुक आहे, तर ते लोक कितीतरी गोष्टी चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, हेही कमिटीनं उचलावं. टाका चिठ्ठ्या. एखाद्या वर्षी युवक संघाला येऊ द्या दोन ते चार. तेव्हा लाउडस्पीकर बंद, गिटारचा अ‍ॅम्प बंद, ड्रमला तर हातही लावायचा नाही. मग बघू, ढोलकी कोण मागते ते.